नाही म्हणणारी गिटार

मराठी मालिकेत नायिका खिडकीशी जाऊन उभी राहिली की मागून गिटारचे चार सूर येतात. ते सूर तारेवर कोणी वाजवलेच असतील असं आता धरून चालता येत नाही. बऱ्याचदा ते एखाद्या फ्लॅटमधल्या खोलीत, कीबोर्डच्या पट्ट्या दाबून तयार झालेले असतात, आणि कान तयार नसेल तर पत्ताही लागत नाही. ही सोय देणारी सॉफ्टवेअरं ढीगभर आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं यावर संगीतकार मंडळी रात्ररात्र बोलतात आणि बोलणं बहुतेक चुकीच्या जागी सुरू होतं: किती गिगाबाइट, किती सॅम्पल (म्हणजे रेकॉर्ड केलेले सुटे सूर), सेलमध्ये कितीला.

खालचा संवाद मी रचलेला आहे. यातल्या दोघांसारखी माणसं मात्र मुंबई-पुण्यात पुष्कळ भेटतात. मामांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत सेशनला गिटार वाजवली. भाची पुण्यात मालिकांचं पार्श्वसंगीत करते, एकटीच, कॉम्प्युटरवर. माझा कल कुणाकडे आहे ते मी लपवणार नाही, पण तो शेवटपर्यंत एकाच बाजूला राहिला असंही नाही.

भाची : मामा, तुझा कान हवाय. एक नायलॉनची आणि एक स्टीलच्या तारांची, अशा दोन गिटार घ्यायच्या आहेत. सॉफ्टवेअर. डेमो काढून ठेवलेत.

मामा : कान देतो. पण आधी सांग, एखाद्या मुलाला का बोलवत नाहीस? पुण्यात दर गल्लीत एक गिटारवाला आहे.

भाची : रोज एक भाग जातो, मामा. एडिट माझ्याकडे येतं संध्याकाळी, सकाळी संगीत लावून परत द्यायचं. रात्री अकराला कुणाला उठवू? आणि त्याने वाजवल्यावर दिग्दर्शक म्हणाला की हा प्रसंग जरा उदास हवा, तर पुन्हा उठवू?

मामा : अजय-अतुलनी 'सैराट'चा वाद्यवृंद थेट हॉलिवूडला, सोनीच्या स्कोरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केला. साल २०१६. सॉफ्टवेअरमधली व्हायोलिनं तेव्हाही मिळत होतीच की.

भाची : बरं. मग तेवढं बजेट तू पाठवतोस का?

मामा : लाव तुझे डेमो.

(दोन डेमो होतात. तिसरा अर्ध्यावर असताना मामा हात वर करतात.)

मामा : पुरे. हे स्थळाचे फोटो आहेत. उजेड त्यांचा, पावडर त्यांची, चेहऱ्याची बाजूही त्यांनीच निवडलेली. ज्याने हा तुकडा केलाय त्याला ती सॅम्पलची लायब्ररी कुठे कमी पडते ते नेमकं ठाऊक आहे, आणि तिथे तो फिरकलेलाच नाही. वर रिव्हर्ब ओतलाय.

भाची : मग ऐकू कशावर?

मामा : तुझ्या चालीवर. रिव्हर्ब काढ, मागचं सगळं बंद कर, एकटी गिटार ठेव. 'सी'चा कॉर्ड दे.

(ती मधल्या सप्तकात सी, ई, जी एकदम दाबते.)

मामा : हा पियानो. आवाज गिटारचा आहे, हात पियानोचा आहे.

भाची : सूर तर तेच आहेत.

मामा : तेच आहेत, पण मांडणी बघ. गिटारवर साधा सी धरला की पाचवी तार तिसऱ्या फ्रेटला, तिथे सी. चौथी दुसऱ्या फ्रेटला, ई. तिसरी मोकळी, जी. दुसरी पहिल्या फ्रेटला, पुन्हा सी. पहिली मोकळी, पुन्हा ई. सहावीला हात लावायचा नाही. आणि जी धरला तर सहाच्या सहा तारा, खालच्या जीपासून वरच्या जीपर्यंत पुरी दोन सप्तकं. तुझ्या एका पंजात मावणार आहेत का? तीन सूर चिकटून आले की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी नकली आहे एवढं त्याला कळतं.

भाची : ते ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत. म्युझिकलॅबच्या रिअलगिटारमध्ये मी कीबोर्डवर कॉर्ड दाबते, ते त्याची गिटारवरची मांडणी करून देतं. दुसऱ्या हाताने नुसते ठोके द्यायचे, वरून खाली, खालून वर.

मामा : खालून वर येताना सगळ्या तारा वाजतात का त्याच्यात?

भाची : ते माझ्यावर आहे.

मामा : मग सगळ्या वाजवू नकोस. वर येणारा हात बहुधा पातळ तीन-चार तारांनाच लागतो. आणि तारा एकदम वाजत नाहीत, एकीमागून एक वाजतात. जलद ठेक्यात ते अंतर कानाला वेगळं ऐकूही येत नाही, पण काढून टाकलंस की लगेच खटकतं.

इथे थोडं थांबायला हवं. 'खरी वाटणारी गिटार' म्हणजे खऱ्यासारखा आवाज, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. एकेक सूर सुटा ऐकला तर आज बाजारातली बहुतेक सगळी चांगली सॉफ्टवेअरं खऱ्या गिटारसारखीच वाजतात, कारण तो खऱ्या गिटारचाच रेकॉर्ड केलेला सूर असतो. खोट उघडी पडते ती दोन सुरांच्या मधल्या जागेत. मामा पुढे तेच काढतात.

मामा : आता पहिल्या मोकळ्या तारेचा ई घे. ३२९.६ हर्ट्झ. हाच सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळतो, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या, पाचवीवर एकोणिसाव्या. सूर एक, आवाज पाच तऱ्हेचे. मोकळी तार लखलखीत वाजते. चौथीवरचा तोच ई जाड, गोल, किंचित दबलेला. आम्ही पीस बसवायचो तेव्हा पहिला प्रश्न हाच असायचा की कुठल्या तारेवर घ्यायचं. तुझं सॉफ्टवेअर तुला हा प्रश्न विचारतं का?

भाची : ॲम्पल साउंडचं विचारतं. पडद्यावर फ्रेटबोर्ड दिसतो, हात कुठे ठेवायचा ते ठरवता येतं, कॅपोही लावता येतो. त्यांची 'एम' ही मार्टिन डी-४१ गिटारवरून घेतलेली आहे, 'एल' ही अल्हाम्ब्राच्या नायलॉनवाल्या गिटारवरून. 'एम'ची छोटी आवृत्ती फुकट मिळते.

मामा : मग फुकटची आधी घे. आणि मला एक करून दाखव. त्या खालच्या ईवर, म्हणजे सहाव्या तारेवर, मोकळा सूर लांबव आणि तो संपायच्या आत त्याच्या शेजारचा एफ वाजव.

(एफ येताच ई तुटतो.)

भाची : तोडला.

मामा : तोडलाच पाहिजे! एका तारेवर दोन सूर राहतील कसे? आणि त्या दोघांना दुसरी तारच नाही, पाचवीची सुरुवातच ए पासून आहे. जे सॉफ्टवेअर तुला तिथे नाही म्हणेल ते घे. ज्याच्यात दहा बोटांनी दहा सूर वाजतात ते लाख गोड असो, ठेवून दे.

भाची : आणि मला नेमकं तेच हवं असलं तर? भुताच्या प्रसंगाला ई आणि एफ एकमेकांत घुसलेले हवे असतील तर?

मामा : तर तेव्हा ती गिटार नाही हे कबूल करून वाजव.

तिचा प्रश्न मला अगदीच उडवून लावण्यासारखा वाटत नाही. संगणकावरच्या वाद्याने हाडामांसाच्या हाताच्या मर्यादा का पाळाव्यात? पण ती आली होती खरी वाटणारी गिटार घ्यायला, त्यामुळे या मुद्द्यावर मामांची सरशी झाली.

भाची : तुझं ऐकलं की वाटतं सॅम्पलच्या संख्येला काही अर्थच नाही. हिशेब कर. सहा तारा, प्रत्येकीवर वीस जागा धरल्या तरी १२०. प्रत्येक जागेवर हलक्यापासून जोरकसपर्यंत पाच ठोके. त्यातल्या प्रत्येकाचे चार वेगवेगळे टेक. झाले २४००. तळवा टेकवून दाबलेला आवाज वेगळा, हार्मोनिक वेगळे, हॅमर-ऑन वेगळे. आकडा असा वाढतो.

मामा : चार टेक कशाला?

भाची : नाहीतर एकच सूर ओळीने आठ वेळा आला की आठही वेळा हुबेहूब तोच येतो. मशीनगन म्हणतात त्याला. म्हणून टेक आळीपाळीने वाजवतात, राउंड रॉबिन. आणि कीबोर्डवरचं वाजवणं आकड्यांत नोंदवणाऱ्या मिडीमध्ये जोराचा आकडा १ ते १२७ मिळतो, तो मी दर ठोक्याला थोडा हलवते.

मामा : उगाच हलवतेस की कारणाने?

भाची : म्हणजे?

मामा : हाताची चूक फाशासारखी पडत नाही. समेला जोर येतो. अवघड कॉर्डवर जरा उशीर होतो. आणि मुख्य म्हणजे कॉर्ड बदलायच्या आधीचा शेवटचा ठोका बरेचदा मोकळ्या तारांवर पडतो, कारण डावा हात आधीच निघालेला असतो, उजवा थांबत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि कुणी काढूनही टाकलं नाही.

(ती शेवटच्या अर्ध्या मात्रेतला कॉर्ड पुसते, तिथे जी, बी आणि ई या तीन मोकळ्या तारा हलक्या जोराने लिहिते. पुन्हा ऐकते.)

भाची : अरे!

मामा : एवढ्याला पैसे पडले नाहीत.

यानंतर बोलणं सॅम्पलविना चालणाऱ्या गिटारांकडे वळलं. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली एक युक्ती प्रसिद्ध केली होती. गोंगाटाचा एक छोटा तुकडा घ्यायचा, तो एका फेऱ्यात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढत जायचं. कर्कश भाग आधी विरतो, मग हळूहळू सगळंच विरतं, आणि छेडलेल्या तारेसारखा आवाज मिळतो. फेरा जितका लांब तितका सूर खालचा. तारेचं गणित करून आवाज घडवायची ती वाट पुढे खूप विस्तारली. कॅनडातल्या अप्लाइड अकूस्टिक्स सिस्टिम्सचं 'स्ट्रम' त्याच वाटेवरचं आहे, आत एकही रेकॉर्ड केलेला सूर नाही. मामांना ही कल्पना फार आवडली आणि आवाज तितकासा आवडला नाही. भाचीचं मत उलट. तिला त्याचा आकार आवडला, लॅपटॉप अडखळत नाही म्हणून. मी इथे तटस्थ आहे.

मामा : मींड कशी घेतेस?

भाची : पिच बेंडचं चाक.

मामा : चाक फिरवलं की काय होतं सांगू? खऱ्या गिटारला तार ओढली की फक्त तारेचा सूर चढतो. लाकडी पोटाची घुमण्याची जागा असते तिथेच राहते, शंभर हर्ट्झच्या आसपास हवा घुमते ती तशीच घुमते. तुझ्या सॅम्पलमध्ये तार आणि पोट एकत्र रेकॉर्ड झालंय. चाक फिरवलं की पोटसुद्धा वर सरकतं. गिटार लहान झाल्यासारखी वाटते.

भाची : अर्ध्या सुरापर्यंत कळत नाही.

मामा : भावगीताच्या पीसला अर्धा सूर पुरतो का? ब्रजभूषण काब्रांनी स्लाइड गिटारवर राग वाजवला, 'कॉल ऑफ द व्हॅली'त तोच आवाज आहे, १९६७ चा. विश्वमोहन भट्टांना राय कूडरबरोबरच्या रेकॉर्डसाठी १९९४ ला ग्रॅमी मिळालं. ते सगळं दोन सुरांच्या मधे आहे. तुझ्या लायब्ररीने तर प्रत्येक फ्रेटवर सूर कापून ठेवलाय.

भाची : शिवाय साध्या मिडीत चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळेच सूर ओढले जातात, एकटी तार ओढता येत नाही. प्रत्येक तारेला वेगळा चॅनेल द्यावा लागतो. २०१८ पासून एमपीई नावाची सोय आहे, पण माझा कीबोर्ड जुना.

मामा : म्हणजे मींड आली की मला बोलवायचं.

भाची : हो. हे मान्य.

एवढ्या सरळ 'मान्य'ची मला अपेक्षा नव्हती. पण तिला उशीर होत होता आणि तिचा मुख्य प्रश्न अजून पुढे होता.

भाची : आता माझ्या बाजूचं ऐक. मला दहातल्या आठ वेळा हवं असतं साधं स्ट्रमिंग, संवादाच्या खाली. त्याला नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं सेशन गिटारिस्ट आहे. खऱ्या माणसाने वाजवलेले ठेके त्यात भरलेले असतात, मी कॉर्ड दाबायचा, ठेका निवडायचा. कोन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे, त्यात चालतं. सगळ्या लायब्ऱ्या तशा चालत नाहीत, काहींना पूर्ण कोन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं, ते आधी बघायचं. तू म्हणतोस ते मोकळ्या तारांचे ठोके, उशीर, जोर, सगळं यात आयतं येतं. हात खराच आहे.

मामा : हात खरा आहे, पण तो दुसऱ्याच गाण्यासाठी हललाय. आणि तोच ठेका इतरांच्या जाहिरातीत, इतरांच्या मालिकेत.

भाची : तुम्ही स्टुडिओत काय वेगळं करत होता? अरेंजर म्हणायचा 'चालू ठेका', तुम्ही वाजवायचा. त्याच चार तऱ्हा सगळ्या गाण्यांत.

मामा : (हसत) चार नाही, पाच असतील.

भाची : बघ.

मामा : पण गायिका एका शब्दावर थांबली तर आम्ही थांबायचो. आणि हे पॅटर्न पॉपच्या सवयीचे. सात मात्रांचा रूपक माग त्यांच्याकडे.

भाची : रूपक मला स्वतःच लिहावा लागतो. तिथे तुझं फ्रेटबोर्डवालं कामाला येतं. म्हणजे दोन्ही लागतात, एक आयत्या ठेक्याचं आणि एक सूरसूर वाजवायचं. एकात दोन्ही शोधणारे फसतात.

ही गोष्ट खरेदीला निघालेल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, आणि ती भाचीच्या तोंडून आली याचं मला बरं वाटलं.

मामा : हा कीं-कीं आवाज कसला मधूनमधून?

भाची : बोट सरकल्याचा. जाड तारांवर तार गुंडाळलेली असते ना, त्यावरून बोट घासलं की येतो. तो वेगळा भरलाय, कमीजास्त करता येतो. खरेपणासाठी.

मामा : हा आवाज येऊ नये म्हणून आम्ही जन्मभर बोटं उचलून ठेवायला शिकलो. रेकॉर्डिस्ट टेक थांबवायचा याच्यासाठी. आणि तुम्ही तो विकत घेता!

भाची : मी खूप खाली ठेवते.

मामा : अजून खाली ठेव. बोट सरकेल तिथेच येऊ दे. आता जी मोकळ्या तारेवर आहे, बोट तिथे नाहीच, तरी घासलं.

इलेक्ट्रिक गिटारचा विषय दोघांनी लवकर उरकला. तिथे निम्मा आवाज ॲम्पचाच असतो, म्हणून कोरा, थेट तारेतून घेतलेला सूर देणारी लायब्ररी घ्यावी आणि ॲम्पचं सॉफ्टवेअर वेगळं लावावं. न्यूरल ॲम्प मॉडेलर तर फुकट आहे. हेवी मेटल हवं असेल तर इम्पॅक्ट साउंडवर्क्सची श्रेडेज त्याच कामासाठी केलेली आहे. ॲम्पचा खरखरीत विकृत आवाज बारीक खोट झाकतो, त्यामुळे नायलॉनपेक्षा हे काम सोपं, यावर मामा-भाचीचं एकमत झालं.

भाची : शेवटचा प्रश्न. डावीकडे एक, उजवीकडे एक गिटार हवी, पसरट. ट्रॅकची कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकली तर मधेच ऐकू येते.

मामा : येणारच, दोन्ही हुबेहूब एकच आहेत.

भाची : मग एक पंधरा मिलिसेकंद उशिरा सोडली. हेडफोनवर छान झालं.

मामा : आणि फोनवर?

भाची : पोकळ. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की काही सूर एकमेकांना खातात.

मामा : आम्ही दोनदा वाजवायचो. खरंच दोनदा. दुसऱ्या वेळी कॅपो लावून, वेगळ्या जागी तेच कॉर्ड धरून. तू पण दोनदाच वाजव. कंटाळा करू नकोस. दुसरी गिटार वेगळ्या लायब्ररीतली घे.

भाची : ठीक. म्हणजे एक गोष्ट तरी अशी आहे जी तुम्हाला आणि मला सारखीच वेळखाऊ.

यानंतर बोलणं सॉफ्टवेअरवरून घसरलं, आणि ते घसरणारच होतं.

मामा : हे सगळं शिकून तू काय केलंस कळतंय ना? एका गिटारवाल्याचं काम घरी केलंस.

भाची : माझ्याकडे त्या कामाचे पैसे कधी नव्हतेच, मामा. गिटार नसती तर तिथे पियानो असता. आणि तुझं नाव तरी कुठल्या रेकॉर्डवर छापलं?

मामा : क्वचित.

भाची : 'कर्ज'मधली ती गिटार सगळ्या देशाला पाठ आहे. १९८०. ती गोरख शर्मांनी वाजवली हे किती जणांना माहीत होतं? भूपिंदर सिंग आधी गिटारवादक, हे लोकांना ते गायला लागल्यावर कळलं.

मामा : ते खरं. पण रेकॉर्डिंगला ते तिथे होते. कुणीतरी त्यांच्याकडे बघून म्हणालं असेल की हे पुन्हा वाजवा, हे ठेवू या. तुझ्या लायब्ररीतला तो कोण आहे? त्याने २४०० सूर एकेक करून दिले. एकही चाल वाजवली नाही.

भाची : त्यालाही पैसे मिळालेच असतील.

मामा : मिळाले असतील. मी पैशाबद्दल बोलत नाही.

भाची : 'कर्ज'सारखा पीस मी सॉफ्टवेअरवर करणार नाही. जिथे गिटार पुढे आहे, जिथे तीच बोलते, तिथे माणूस. मागे चालायचं असेल तिथे हे. एवढं ठरवून टाकलंय.

मामा : आणि पुढे-मागे कोण ठरवणार? निर्माता. तो म्हणेल, तुझ्या कॉम्प्युटरवरची छानच वाजते की.

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. सॉफ्टवेअर जितकं चांगलं, तितका तो निर्माता बरोबर ठरत जाणार.

भाची : तर मग, फुकटची 'एम' आधी. आयत्या ठेक्यांचं एक. नायलॉन या सेलमध्ये घेत नाही, आधी छोट्यावर हात बसू दे. बरोबर?

मामा : बरोबर. आणि उद्याच्या भागाची ती सात मात्रांची चाल मला पाठव. कुठल्या तारेवर, कॅपो कुठे, लिहून देतो.

भाची : मिडी पाठवू?

मामा : नको. त्यात तुझा पियानोचा हात येईल. नुसती गुणगुणून पाठव.